एकाच कणसाचं बी

मी बाजरीच्या कणसांना पिशव्या घालते असं सांगितलं, की लोकांना वाटतं पाखरांपासून राखण करते. पाखरांचाही बंदोबस्त होतो, पण पिशवी असते ती परागासाठी. बाजरीचं कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या वेढ्यातून, बाहेर पडलं की आधी त्यावर बारीक पांढऱ्या केसांसारखे स्त्रीकेसर दिसायला लागतात. पिवळे पुंकेसर काही दिवसांनी लोंबतात. मधल्या दिवसांत वारा शेजारच्या, पलीकडच्या, कुठल्याही ताटावरचा, म्हणजे रोपावरचा, पराग आणून टाकतो आणि दाणा धरतो. बाजरीला तेच मानवतं. आम्ही ते होऊ देत नाही. केसर दिसायच्या आत कणसावर बटर पेपरची लांबट पिशवी चढवायची, खाली क्लिप लावायची, वर तारीख टाकायची. मग त्या कणसाला स्वतःच्या परागाशिवाय दुसरं काही मिळत नाही. शेतावर सगळे याला सेल्फिंग म्हणतात. पुस्तकात स्वफलन असा शब्द आहे, तो मी परीक्षेपुरता वापरला.

वैजापूरच्या रस्त्यावर एका बियाणं कंपनीचं संशोधनाचं शेत आहे. कृषी पदवी झाल्यावर मी तिथं लागले. घर मुकुंदवाडीत, त्यामुळं सकाळी लवकर निघावं लागायचं, पण काम मला आवडत होतं. शेतावरचे साहेब निवृत्तीला आलेले होते. बोलायला कमी आणि समजवायला बसले की वेळ विसरणारे. संकरित बी तयार करायला आधी शुद्ध ओळी लागतात, म्हणजे अशी बाजरी की जिची सगळी ताटं एकमेकांसारखी निघतील. त्यासाठी एकाच कणसाचं बी पेरायचं, त्यातल्या चांगल्या ताटांना पुन्हा पिशव्या घालायच्या, पुन्हा त्याच बियांतून पुढचं पीक घ्यायचं. असं पाच-सहा पिढ्या. प्रत्येक पिढीला बाजरी खुजी होत जाते, कणसं आखूडतात, काही ओळींना दाणाच धरत नाही. जे तगतं ते पुढं न्यायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात मी माझ्याच हातानं पिशव्या घातलेल्या कणसांचं बी पेरलं. उगवण मोजायला गेले तेव्हा एका ओळीत हिरव्या रोपांमध्ये पांढरी रोपं उभी होती. पिवळी नव्हेत, पांढरी. मला वाटलं जमिनीत लोह कमी पडलं असेल. साहेबांना बोलावलं. ते उकिडवे बसले, एक रोप बोटावर घेतलं आणि म्हणाले, हा रोग नाही, खताची कमतरताही नाही. याच्यात हिरवा रंगच तयार होत नाही. बियातली शिदोरी संपेपर्यंत जगेल, मग जाईल. मी विचारलं, आईच्या ताटात तर असं काही दिसलं नव्हतं. ते म्हणाले, होतं, पण झाकलेलं होतं. एका बाजूनं आलेलं वाईट दुसऱ्या बाजूच्या चांगल्याखाली झाकून राहतं. दोन्ही बाजूंनी तेच आलं की वर येतं. बाहेरचा पराग आला असता तर अजून कितीतरी पिढ्या कुणाला पत्ता लागला नसता.

आठवड्याभरात ती रोपं वाळून गेली. मी ती ओळ खोडून टाकली आणि पुढच्या कामाला लागले. तेव्हा त्यापलीकडं मला काही वाटलं नाही.

आमच्या घराचं इथं थोडं सांगायला हवं. माझ्या आईला आजीनं म्हणजे तिच्या सासूनं आपल्या भावाच्या घरातून आणलेलं. आई ही आजीची भाची. माझे वडील आणि माझी आत्या ही आजीची मुलं. पुढं आत्यानंही तेच केलं. तिनं आपल्या भावाची मुलगी, म्हणजे माझी ताई, आपल्या मोठ्या मुलाला केली. आमच्याकडं यात कुणाला काही वेगळं वाटत नसे. आजोबा धम्मात आले तेव्हा घरातले देव गेले, मुहूर्त गेला, ग्रहण पाळणं गेलं. मामाची मुलगी करायची रीत मात्र राहिली. आत्याच्या मुलांना दादा म्हणायचं नाही, हे आम्हा दोघी बहिणींना शाळेत जायच्या आधीपासून सांगितलेलं होतं. मोठ्याशी ताईचं लग्न झालं आणि धाकट्यासाठी मी, हे कुणी कधी ठरवलं असं नाही, पण सगळे धरून चालले होते. मलाही तो आवडायचा. तो वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात होता. सुट्टीच्या सकाळी आम्ही हिमायतबागेत भेटायचो. तो लहानपणापासून मला ओळखत होता, मला त्याच्यासमोर नीट बसायची, नीट बोलायची गरज वाटायची नाही. हे सुख किती मोठं होतं ते मला नंतर कळलं.

ताईला मुलगी झाली. गोरीगोमटी, मोठ्या डोळ्यांची, कमी रडणारी. चार-सहा महिन्यांची असताना जयंतीच्या मिरवणुकीला आम्ही सगळे गेलो होतो. डीजेच्या भिंतीपाशी मोठ्या माणसांनीही कानात बोटं घातलेली, छातीत धडधड जाणवत होती, आणि ती ताईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होती, बघा, किती गुणाची आहे. मीही तिच्या केसांवरून हात फिरवून हसले. ताई हसली नाही. तिनं मान वळवून मुलीच्या तोंडाकडं पाहिलं आणि तशीच गर्दीतून बाहेर निघाली.

नंतर तिनं मला सांगितलं, की त्या दिवसापासून ती मुलीच्या पाठीमागं उभी राहून हाका मारायची. स्वयंपाकघरात कुणी नसताना पातेलं आपटायची. मुलगी समोर आलेल्या माणसाला पाहून खुदकन हसायची, पण मागं काही झालं तर वळायची नाही. ताईनं भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, पोरं उशिरा शिकतात. शेवटी ताई एकटीच तिला घेऊन कानाच्या डॉक्टरकडं गेली. मुलीला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासणी केली. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, जन्मापासूनच.

घरात जे सुरू झालं ते मी शनिवार-रविवारी पाहायची. वाळूजला ताईच्या घरी कुणी मोठ्यानं भांडत नव्हतं. आत्या ग्रहण मानणारी नव्हती, म्हणून दोष द्यायला तिला दुसरं काहीतरी हवं होतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यात ताईला ताप आला होता आणि तिनं मेडिकलमधून गोळी आणून घेतली होती. ती गोळी आता रोज निघायला लागली. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना आत्या शेजारणीला सांगायची, लई सांगितलं होतं, दवाखान्यात दाखवल्याबिगर काही घेऊ नको. ताई ऐकून घ्यायची. तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एकदा ती मला म्हणाली, "अंगात ताप होता तो सोसला असता तर काय झालं असतं मला?"

मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, जालना रोडवर. त्यांनी सगळं तपासून झाल्यावर विचारलं, नवरा-बायको नात्यातले आहात का. ताई म्हणाली, हो, मी यांच्या मामाची मुलगी. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ताईनं संध्याकाळी मला फोन करून विचारलं, की त्यांनी असं का विचारलं असेल, गोळीबद्दल तर काहीच विचारलं नाही.

मी शेतावरून परतत होते. बसमध्ये उभी होते. मला ताईचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, पण प्रश्न कळला होता, आणि उत्तरही लगेच कळलं होतं. मी तिला म्हटलं, रविवारी येते, मग बोलू.

रविवारी गेले तेव्हा आत्या, भाऊजी आणि धाकटा बाहेरच्या खोलीत बसलेले होते. मी ताईशी एकटीशी बोलणार होते. पण चहा होईपर्यंत आत्यानं पुन्हा त्या गोळीचा विषय काढला, आणि ताई आतून ते ऐकत होती, हे मला दिसत होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, गोळीचा काही संबंध नाही, ताईची काही चूक नाही. हे दोघांकडून आलंय. ताईकडून अर्धं, भाऊजींकडून अर्धं. दोघांना स्वतःला काही नाही, पण दोघांत ते झाकलेलं होतं, कारण दोघं एकाच घरातले.

आत्यानं कप खाली ठेवला. "म्हंजी आमच्यातच खोट हाय, असं म्हणती का तू?"

मी समजावून सांगायला लागले. खोट नाही, प्रत्येकात काही ना काही असतं, पण आपण पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात देतो-घेतो, त्यामुळं ते समोरासमोर येतं. मी बाजरीचंही सांगितलं. कदाचित ते सांगायला नको होतं, पण माझ्याजवळ सांगायला तेच होतं. बोलता बोलता मी म्हणाले, हे असं व्हायला नको होतं.

ताई दारात आली होती. मुलगी तिच्या कडेवर होती आणि तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती.

"काय व्हायला नको होतं?" ताईनं विचारलं.



"हिच्याकडं बघून सांग," ती म्हणाली. "काय व्हायला नको होतं?"

मी मुलीकडं पाहिलं. तिनं मला ओळखलं आणि दोन्ही हात पुढं केले. ताईनं तिला माझ्याकडं दिलं नाही, आत नेलं.

मी ताईच्या बाजूनं बोलायला गेले होते आणि तिलाच लागलं होतं. आत्याला लागलं ते वेगळं. आपल्या आईनं, आपण, सगळ्यांनी प्रेमानं केलेल्या सोयरिकींना मी दोष दिला, असं तिला वाटलं. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की मी खोटं काही बोलले नाही. गोळीचा विषय त्या दिवसानंतर घरात निघाला नाही, हेही खरं. पण ताईनं पुढं कितीतरी महिने माझा फोन उचलला नाही.

शेतावर माझं लक्ष लागेना. रब्बीत आमच्याकडं गहू आणि हरभऱ्याचे छोटे प्लॉट असायचे. एक दिवस मी साहेबांना विचारलं, गव्हाचं फूल तर उघडायच्या आतच स्वतःचा पराग घेऊन मोकळं होतं, हरभराही तसाच, हजारो वर्षं तसाच. मग त्यांना काही कसं होत नाही? ते म्हणाले, कधीतरी झालंच असेल. ज्यांना सोसलं नाही ती ताटं मागंच गेली, आज आपल्यासमोर आहेत ती सोसलेली. बाजरीला ती सवय नाही. मग मी विचारलं, माणूस गव्हासारखा की बाजरीसारखा? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरचं काहीतरी असावं एवढं त्यांनी ओळखलं असेल. म्हणाले, माणसाचं आपण असं शेतात उभं राहून नको बोलूया. आणि पुढच्या ओळीकडं गेले. मला त्यांचा राग आला. मला कुणीतरी सरळ उत्तर द्यावं असं वाटत होतं.

कारण प्रश्न आता ताईचा राहिला नव्हता. आईनं विचारायला सुरुवात केली होती, की तुझं आणि त्याचं काय. वडील म्हणत होते, एवढं बोलून ठेवलंस, आता कोणत्या तोंडानं त्यांच्याकडं जायचं. आणि तो, धाकटा, हिमायतबागेत मला भेटून म्हणाला होता, की आईचं मी बघतो, तू तुझं सांग. मी म्हटलं, आपण आधी तपासून घेऊ. त्यानं विचारलं, कशासाठी? आपल्याला अशी मुलगी झाली तरी मला चालेल. रोज तिला खेळवतो मी. मी म्हटलं, तुला चालेल, तिला चालेल का ते कुणाला विचारायचं? तो म्हणाला, ठीक आहे, तपासू.

डॉक्टरांनी सांगितलं, की आधी मुलीच्या रक्तात नेमकं काय आहे ते शोधावं लागेल. ते सापडलं की मग बाकीच्यांत ते आहे का ते बघता येईल. म्हणजे ताईला विचारणं आलं. मी गेले नाही, त्यालाच सांगायला लावलं. ताईनं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. त्या दिवशी दवाखान्यात मी होते. ताईनं मुलीला मांडीवर घट्ट धरलं, सुई टोचली तेव्हा मुलगी ओरडली. तिचा आवाज आपल्यापेक्षा वेगळा होता, आधी दबलेला आणि मग एकदम मोठा. ताईनं तिचं तोंड आपल्या खांद्यात घेतलं. बाहेर आल्यावर कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली.

"मोठी झाल्यावर तिनं विचारलं, तर कशासाठी टोचलं ते तू सांग तिला," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. तिच्या रक्तावरून आम्ही आमचं लग्न ठरवणार होतो, हे मला तोपर्यंत या शब्दांत कळलेलं नव्हतं.

मुलीचे आणि मग आम्हा चौघांचे नमुने बाहेरगावी जायचे, त्यामुळं वाट बघावी लागली. मधल्या काळात मुलीचं ऑपरेशन झालं. कानामागं कातडीखाली यंत्र बसवलं, बाहेरून डोक्याला चिकटणारी चकती लावायची. त्यातून आवाज येतात, पण आपल्याला येतात तसे नव्हेत, ते तिला शिकावे लागणार होते. ऑपरेशननंतर डोकं बांधलेली ती घरी आली तेव्हा मी पाहायला गेले. आत्यानं मला बस म्हटलं, पाणी दिलं, बाकी काही नाही.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं, की ताईत आणि भाऊजींत ते आहे, अपेक्षेप्रमाणं. माझ्यातही आहे. त्याच्यात नाही. त्यामुळं आमच्या मुलांना या कारणानं बहिरेपण येणार नाही. बाकी कशाची हमी ते देऊ शकत नव्हते, जवळचं नातं आहे म्हणाले, पण हे एक तरी नाही.

जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. जालना रोडवर उन्हात उभी राहून मी त्याला म्हटलं, आजच घरी सांगू. तो म्हणाला, रविवारी भेटू, मग सांगू.

रविवारी बागेत लोक फिरायला आलेले होते, म्हातारी माणसं टाळ्या वाजवत व्यायाम करत होती. तो आंब्याखालच्या कट्ट्यावर आधीच येऊन बसला होता.

"तू त्या दिवशी लई खूश झालीस," तो म्हणाला.

"तू नाही झालास?"

"झालो. मग घरी गेलो तर ती दारात आली." तो मुलीबद्दल बोलत होता. "एक विचारू? माझ्यातही निघालं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी हवं ते उत्तर देऊ शकले असते. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "नाही म्हणाले असते."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. म्हणाला, त्याला तेच वाटलं होतं. मग बराच वेळ तो सांगत राहिला, अडखळत, त्याला असं बोलायची सवय नव्हती. की तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. तू शिकलेली आहेस, तुला दिसतं ते मला दिसत नाही. पण आपलं लग्न झालं तर तू त्याच घरात येशील. ती मोठी होईल. एक दिवस तिला कळेल, की काकी आपल्यासारखं मूल नको म्हणून आधी तपासून आली, आणि नाही निघालं म्हणून आली. तिला मी काय सांगू?

मी म्हटलं, तिला नको कुणीच म्हटलं नाही. पुढच्याला त्रास नको म्हटलं. दोन्हीत फरक आहे. तो म्हणाला, असेल. तुला दिसतो. तिला कसा दिसणार?

आम्ही त्यानंतर दोन-तीनदा भेटलो, पण दोघांनाही कळलं होतं. मला त्याच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला त्यानं जागाच ठेवली नव्हती. त्या पावसाळ्यात मी कणसांना पिशव्या घालत होते आणि मध्येच थांबून रडत होते. सोबतच्या बायकांनी काही विचारलं नाही. त्यांनी आपापसांत काहीतरी ठरवलं आणि माझ्या वाट्याची ओळ आपल्याकडं घेतली.

त्याचं लग्न वैजापूरकडच्या एका मुलीशी झालं, आमच्या नात्यातली नाही. आत्यानंच शोधली. बाहेरची केली, यात माझ्या बोलण्याचा किती वाटा होता ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्न विहारात झालं. मी पंगतीत वाढायला उभी होते. तो पानावर बसला तेव्हा मी त्याला भात वाढला आणि त्यानं नेहमीसारखं, पुरे म्हणून हात आडवा धरला. कुणाचं लक्ष नव्हतं.

ताई मात्र हळूहळू परत आली. मुलीला बोलायला शिकवणाऱ्या बाई गारखेड्यात होत्या, वाळूजहून रोज येणं-जाणं अवघड, म्हणून ताई शुक्रवारी मुलीला घेऊन माहेरी यायला लागली. मी शनिवार-रविवारच्या त्या तासांना तिच्यासोबत बसायची. ओठ कसे हलतात ते मुलीला दाखवायचं, एक शब्द पन्नास वेळा म्हणायचा. ती मला हाक मारायला शिकली, मावशी नाही, नुसतं "मा". कंटाळा आला की ती सरळ हात वर करते, डोक्यावरची चकती काढते आणि आपल्या हातात देते. मग आपण कितीही बोला. ती आपली वहीत रंगवत बसते. ताईला याचा राग येतो, मला हसू येतं.

गेल्या हिवाळ्यात मला बघायला जालन्याकडची माणसं आली. मुलगा बँकेत, आई-वडील शिक्षक, बोलायला चांगली. ती शुक्रवारची संध्याकाळ होती, त्यामुळं ताई आणि मुलगीही घरीच होत्या. मुलगी पाहुण्यांसमोर आली, मुलाच्या आईनं तिला जवळ घेतलं, लाड केले. मग तिच्या कानामागची चकती दिसली. बाईंनी हात काढून घेतला नाही, पण फिरवायचा थांबवला. जरा वेळानं त्यांनी आईला हळूच विचारलं, हे घराण्यात आहे का.

आई चाचरली. वडील म्हणाले, छे, तसं काही नाही, लहानपणी ताप आला होता. मी समोर बसले होते. ताई दाराशी उभी होती.

मी म्हटलं, "घराण्यात आहे. माझ्यातही आहे. तुमच्या मुलात नसेल तर काही होत नाही. तपासता येतं."

बाई हसल्या, म्हणाल्या, बरं झालं स्पष्ट सांगितलंत. चहा झाला. मुलानं माझ्या कामाबद्दल एक-दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. कळवतो म्हणून ती माणसं गेली. त्यांचं काही कळवणं आलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. ज्या भीतीनं त्या बाईंचा हात थांबला ती मला ओळखीची होती. मी स्वतः ती घेऊन जालना रोडवरच्या त्या जिन्यानं चढले-उतरले होते.

वडील रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी ताई मुलीची वेणी घालत होती, मी शेजारी बसले. ती म्हणाली, सांगायची काही गरज नव्हती. मी विचारलं, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

"तापाचं खोटं मला चालत नाही आता," ती म्हणाली. "पण मी हिला आत पाठवून मग सांगितलं असतं."

"तिला ऐकू गेलं नसेल," मी म्हटलं. "तोपर्यंत तिनं चकती काढली होती."

ताईनं रिबनची गाठ मारली. "तिनं बाईंचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "ती ऐकायच्या आधी बघते."

मुलीनं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. तिच्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळलं होतं. मग तिनं माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडं वळवलं आणि वाट बघत बसली. मी काहीतरी म्हणावं, आणि ते तिला दिसेल असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.  ताई कंगवा हातात धरून माझ्याकडं बघत होती.